रुवेलो कुठून आलं

रुवेलोच्या प्रत्येक पाकिटात घडी घातलेलं एक पत्रक असतं. ते कुणी वाचत नाही. त्यात अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, नावाची व्युत्पत्ती छापलेली आहे. संस्कृतात 'रु' म्हणजे आवाज करणे, 'वेला' म्हणजे किनारा. म्हणून रुवेलो, ध्वनीनं गाठलेला आरोग्याचा किनारा. हे साफ खोटं आहे. कंपनीच्या प्रसिद्धी खात्यातल्या एका गृहस्थानं शब्दकोश उघडून, पुढ्यातला चहा निवायच्या आत ते रचलं. रुवेलो हे नाव जत तालुक्यातल्या लोणारवस्तीच्या माळावर, दिवस मावळताना मेंढरं बसवणाऱ्या फुलाबाई सरगर या बाईच्या तोंडून निघालं. तिच्याआधी ते तिच्या सासूच्या तोंडून निघत होतं. त्याआधी कुणाच्या, हे सांगायला माणूस शिल्लक नाही.

औषधांच्या नावात हे नवीन नाही. रापा नुई नावाच्या लांबच्या बेटावरची माती उचलून नेली, तिच्यातल्या जंतूपासून औषध काढलं आणि त्याला रापामायसिन म्हटलं. माती बेटाची, नाव बेटाचं, नफा कुणाचा ते मी सांगायला नको. पण तिथं निदान नावात बेट दिसतं तरी. फुलाबाईच्या बाबतीत तेवढंही ठेवलं नाही.

फुलाबाईची मुलगी वैजयंता पुण्यात आरोहा लाइफसायन्सेस या कंपनीत नामकरण विभागात नोकरीला होती. वस्तीतली औषधशास्त्र शिकलेली पहिलीच मुलगी. तिचं काम काय, हे तिला आईला कधी नीट समजावता आलं नाही. औषधाला दोन नावं असतात. एक शास्त्रीय, त्याच्या शेपटावरून डॉक्टरला घराणं कळतं. शेवटी 'प्रिल' आलं की रक्तदाबाच्या एका कुळातलं, 'स्टॅटिन' आलं की कोलेस्टेरॉलचं. दुसरं बाजारातलं नाव. ते कंपनी ठेवते. पूर्वी एवढंच बघायचे की कुठल्या भाषेत ती शिवी होत नाही ना, आणि दुसऱ्या औषधाशी घोटाळा होत नाही ना. मग स्वरचाळणी आली आणि नावाचा धंदाच फिरला.

ही भानगड समजायला चिंच पुरते. चिंच असा शब्द काढला की तोंडाला पाणी सुटतं. तोंडात चिंच नसते, नुसतं नाव आलेलं असतं, तरी शरीर कामाला लागतं. आता रक्तदाबाची खरी, पुरत्या ताकदीची गोळी रोज सकाळी द्यायची आणि प्रत्येक वेळी गोळी पाकिटातून निघताना एकच आवाज ऐकवायचा. तीन-चार महिन्यांत शरीर त्या आवाजालाच औषध समजायला लागतं. आवाज आला की रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. मग गोळीतलं औषध कमी केलं तरी चालतं. पाय सुजत नाहीत, मूत्रपिंड शिणत नाही. कल्पना वाईट नव्हती, पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना तिचा गुण आला. वाईट होतं ते पुढचं. औषध कमी करता येतं म्हटल्यावर किती कमी करायचं, याला कंपनीनं तळच ठेवला नाही. शेवटी गोळीत खडूची पूड आणि औषधाचा वास तेवढा राहिला. बाकी सगळं काम नाव करत होतं. सरकारनंही त्यावर शिक्का मारला. आवाज स्वस्त असतो ना.

पण आवाज कुठला घ्यायचा? शरीर पटकन शिकेल असा हवा. स्वरचाळणी हे यंत्र त्यासाठीच होतं. माणसाला खुर्चीत बसवायचं, कानात अर्थ नसलेले आवाज सोडायचे आणि नाडी, घाम, रक्तवाहिन्यांचा ताण मोजायचा. विभागप्रमुख केंकरे यांनी सगळ्यांना सांगितलं की घरून आवाज आणा, माणसाला शांत करणारे. लोकांनी अंगाया आणल्या, आरत्या आणल्या, एकीनं आजोबांचं घोरणं आणलं. वैजयंतानं फोनमधली आईची हाळी दिली. रानात पांगलेली मेंढरं गोळा होऊन खाली बसावीत म्हणून फुलाबाई जी हाक घालायची ती: रूऽऽ वेऽऽ लोऽऽ. सुरुवात घशातून, मधे थोडी चढण, आणि शेवट असा लांब उतरता की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप खाली यावेत. खुर्चीत बसलेल्या एकानंही आयुष्यात मेंढरू राखलेलं नव्हतं, तरी सगळ्यांची नाडी उतरली. बाकीचे आवाज चाळणीत गळून गेले, हा एकटा राहिला.

कंपनीत नव्या नावाचं बारसं करायची पद्धत होती. खेळण्यातल्या पाळण्यात गोळ्यांचं पाकीट निजवलं, वैजयंताला आत्या केलं. तिनं वाकून पाकिटाच्या कानात, म्हणजे जिथं आवाज ऐकवणारी तांदळाएवढी चकती बसवली होती तिथं, कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. तेव्हापासून तिला कंपनीत सगळे आत्याच म्हणत. पाकिटातला आवाज फुलाबाईचाच होता, फक्त धुऊन पुसून, वीस वर्षांनी तरुण करून. नाव कुठून आलं हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, असं वैजयंताकडून लिहून घेतलं होतं. तिनं आईलाही सांगितलं नाही.

पुढं फुलाबाईचा दाब वाढला आणि तालुक्याच्या दवाखान्यातून तिला रुवेलोच मिळालं. पाकीट दाबलं की आतली बाई बोलायची. फुलाबाई फोनवर मुलीला म्हणाली, "गोळीतली बाई थेट माझ्या सासूवानी बोलतीया. मेली तरी सकाळी सकाळी हाळी घालतीया मला." माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. वैजयंता हसली आणि तिनं विषय बदलला.

*

दवाखान्यातून डॉक्टर यास्मिन नदाफ यांचा फोन आला तेव्हा वैजयंता दुसऱ्याच एका नावाच्या बैठकीत होती. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. फुलाबाई आदल्या संध्याकाळी रानात चक्कर येऊन पडल्या, दाब इतका खाली गेला होता की यंत्रानं आधी आकडाच दाखवला नाही. रात्रभर ठेवून घेतल्यावर आपोआप ठीक झाल्या. महिन्यात दुसऱ्यांदा हे झालंय. त्यांचा दीर मारुती सरगर पडला, खालच्या वस्तीतले दोघे पडले. सगळे मेंढरंवाले, सगळे रुवेलोवर, आणि सगळे दिवस मावळतानाच.

"मी आधी म्हटलं गोळीचा डोस जास्त होतोय," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्या गोळीत आता आहे काय कमी करायला?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, थोडं लाजतच. मंगळवारच्या बाजारादिवशी दवाखान्यात एक आजोबा आले, त्यांनी तिथंच पाकीट दाबून गोळी घेतली. बाहेर पिंपळाखाली कुणाची तरी मेंढरं उभी होती. ती सगळीच्या सगळी दवाखान्याकडे वळली आणि खिडकीच्या गजांत तोंडं घालून उभी राहिली. मग एकेक करून खाली बसली. त्या म्हणाल्या, "ताई, मी डॉक्टर आहे, मेंढरांचं मला काही कळत नाही. पण तुम्ही त्या कंपनीत आहात आणि तुमचं घर मेंढरांचं आहे. म्हणून विचारते."

 वैजयंताच्या डोळ्यांपुढं आई उभी होती, हातात काठी, संध्याकाळचं ऊन. आई एकदा हाळी घालून थांबत नाही. मेंढरं लांब असली की दहादा घालते. सकाळी एका हाकेवर जे शरीर दाब उतरवायला शिकलंय, त्याला संध्याकाळी दहा हाका. एरवी गोळीशिवाय तो आवाज वारंवार कानावर पडला असता तर शरीर शहाणं होऊन धडा विसरलं असतं. पण रोज सकाळी पाकीट पुन्हा बोलत होतं आणि धडा पुन्हा पक्का होत होता. आणि या माणसांच्या अंगात तो आवाज लहानपणापासून मुरलेला. हाळी झाली म्हणजे दिवस संपला, आता टेकायचं. कंपनीनं शिकवायच्या आधीच अर्धं शिकून झालं होतं.

वर आणखी एक. एखादा मेंढपाळ रानात कोसळला की मेंढरं बिथरतात. ती बिथरली की दुसरे धावत येतात आणि आधी मेंढरं आवरतात. कशानं? त्याच हाळीनं. पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभं राहून, छातीभर श्वास घेऊन.

*

केंकरे सरांना हे नवीन नव्हतं. वैजयंता बोलत होती तोवर त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा लावला. चक्कर येऊन पडलेल्यांचे ठिपके जत, आटपाडी, सांगोला, माण या पट्ट्यात पसरले होते. म्हणजे यांना कळून बराच काळ झाला होता आणि ते गप्प बसले होते. केंकरे वाईट माणूस नव्हते. वाईट माणूस असते तर फार सोपं झालं असतं.

नाव बदला, असं ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. नाव बदललं की चाळीस लाख माणसांच्या शरीराला एका दिवसात औषध बंद, असं त्यांचं म्हणणं. गोळीत काही उरलेलं नाही, जे आहे ते नावातच आहे. सगळ्यांचे दाब उसळतील, कुणाची मेंदूत रक्तवाहिनी फुटेल, कुणाची डोळ्यात. मेंढरंवाले किती, काही हजार. ते म्हणाले की मेंढरंवाल्यांनी हाळी बदलावी. कंपनी प्रशिक्षण देईल, नवी हाळी बनवून देईल, चाळणीतून काढलेली.

"मेंढरांना कोण सांगणार सर?"

"मेंढरंही शिकतील. आपण माणसांना शिकवलं."

मग तिनं निदान हे तरी छापा म्हटलं, की नाव कुठून आलंय. डॉक्टरांना कळू दे, लोक आपले आपण जपतील. तेव्हा केंकरेंनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "आत्या, नीट विचार करा. आज लोकांना वाटतं की हे गोळीचं नाव आहे. नुसतं ऐकून माणूस पडतो हे कळलं, तर उद्या कुणीही कुणाच्या खिडकीशी उभं राहून ते म्हणेल. पोस्टमॉर्टेममध्ये काय सापडणार? आवाज?"

प्रश्न खोटा नव्हता.  पण हा प्रश्न नकाशावर पहिला ठिपका उमटला तेव्हा विचारायचा होता, हे मी म्हणणार. तुम्ही लोकांच्या शरीराची कडी बाहेरच्या अंगाला बसवलीत आणि आता म्हणता, कडी कुठं आहे हे सांगू नका, चोर शिरतील.

वैजयंता दुपारच्या गाडीनं जतला निघाली.

*

फुलाबाई घरापुढं लोकर पिंजत बसली होती. शेजारी मारुती तात्या, तिचा दीर, भिंतीला पाठ लावून. वैजयंतानं दोघांना सगळं सांगितलं, चाळणीपासून पाळण्यापर्यंत. सांगताना ती मुद्दाम तो शब्द टाळत होती.  संपल्यावर फुलाबाईनं लोकरीतलं एक कुसळ काढून लांब फेकलं.

"म्हंजी गोळीतली सासू न्हवं. मीच."

"तूच आये."

"रोज सकाळी उठून माझीच हाळी मला इकत हुते व्हय." मग ती दिराकडे वळली. "आन तात्या, तुमी बी माझ्याच हाळीनं पडलासा. जल्मभर वैनीचं ऐकलं न्हाई, आता बगा."

तात्या हसला, पण लगेच त्यानं हात छातीवर ठेवला, जणू हसण्यानंही काही होईल. त्याला पडायची भीती बसली होती. संध्याकाळ झाली की तो कानात लोकरीचे बोळे घालायचा.

डॉक्टर नदाफांशी बोलून ठरलं ते असं. गोळी एकदम तोडायची नाही, कारण फुलाबाईचा दाब मूळचाच भयंकर होता आणि एकाएकी उसळला तर जिवावर बेतेल. दुसरं खरं औषध, ज्यात औषध आहे असं, हळूहळू वाढवत न्यायचं आणि रुवेलो हळूहळू कमी करायचं. काही आठवडे लागतील. तेवढे दिवस फुलाबाईनं हाळी घालायची नाही. एकदाही नाही. तिचं हृदय आता थकलंय, आणखी एकदा दाब तेवढा खाली गेला तर वर येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी तिच्या तोंडावर सांगितलं. फुलाबाईनं पदर तोंडावर धरून मान हलवली.

मग मेंढरं कोण बसवणार? वस्तीतली जाणती माणसं सगळी गोळीवर. वैजयंतानं रजा काढली. पहिल्या दिवशी मावळतीला माळावर उभं राहून तिनं हाळी घातली, आईला आणि तात्याला घरात दारं लावून बसवून. मेंढरांनी माना वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. शेवटी तिनं पळून पळून, काठी आपटून, कशीबशी ती जाळीच्या कुंपणात घातली. घरी आली तेव्हा घामानं भिजली होती.

"काय म्हणाली मेंढरं?" फुलाबाईनं विचारलं.

"म्हणाली, ही कोण पुण्याची."

"खरं तेच म्हणाली." फुलाबाईनं तिच्यापुढं भाकरी ठेवली. "घसा वापरत न्हाईस तू. व्हट वापरतीस. हापिसातलं बोलणं हाय ते." मग तिनं तोंड उघडलं, मुलीला दाखवायला म्हणून, आणि तशीच थांबली. तोंड मिटलं. वैजयंतानं आईला असं तोंड मिटताना याआधी कधी बघितलं नव्हतं. मुक्या माणसाकडं बघावं तशी ती आईकडं बघत राहिली.

तरी दिवस निघत होते. दुसरं औषध लागू पडायला लागलं होतं. फुलाबाई शिट्टी वाजवायला शिकत होती आणि स्वतःलाच हसत होती. वैजयंताच्या हाळीवर एक म्हातारी मेंढी येऊ लागली होती, दयेनं असावी.

*

लोणारवस्तीच्या खालून मोठा रस्ता जातो. बंदराकडे जाणारे बिनचालक ट्रक त्यावरून एकामागे एक पळत असतात. एका माणसाला पाहून थांबतील अशी त्यांची रचना आहे, पण शंभर मेंढरांचा लोंढा आला तर त्यांना ते काय वाटतं, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. त्या दिवशी मेंढरं रस्त्याच्या वरच्या उताराला चरत होती. वैजयंता त्यांच्यात होती. फुलाबाई करंजाखाली बसली होती. ऊन अजून पिवळं होतं.

बाजूच्या कच्च्या रस्त्यानं आरोहाची प्रचारगाडी आली. तिलाही चालक नव्हता. गावोगाव तपासणी शिबिरांची जाहिरात करत फिरायची. समोर गर्दी दिसली की ती थांबायची, औषधाचं नाव एकदा सांगायची, नियमानं एकदाच. गर्दी आणखी वाढली तर मात्र ती गर्दी नवी धरायची, आणि नव्या गर्दीला पुन्हा एकदा.

मोठ्या रस्त्याच्या पलीकडं चार बायका पाण्याच्या टाकीवर उभ्या होत्या. गाडी त्या रस्त्याच्या पुलाखालून पलीकडं गेली, थांबली आणि बोलली.

रूवेलो.

फुलाबाईचा आवाज. वीस वर्षांनी तरुण, कणगीएवढ्या मोठ्या कर्ण्यातून.

सगळ्या मेंढरांनी एका वेळी माना वर केल्या. मग ती निघाली. पळत नव्हती, हाकेला जातात तशी सरळ, विश्वासानं, उतारावरून रस्त्याकडं आणि रस्त्यापलीकडच्या गाडीकडं. पुढची काही रस्त्याच्या कडेला पोचली. गाडीच्या कॅमेऱ्याला शंभर जीव आपल्याकडं येताना दिसले. गर्दी वाढली होती. गाडी पुन्हा बोलली.

वैजयंता ओरडली, हाळी घातली, घसा फाटेल अशी घातली. एकानंही मागं बघितलं नाही. का बघतील? त्यांची बाई पलीकडून बोलावत होती. गाडीत कुणी नव्हतं ज्याला हात जोडावेत, शिव्या द्याव्यात. लांब वळणावर ट्रकांची रांग दिसायला लागली.

करंजाखालून फुलाबाई उठून उभी राहिली होती. मुलगी तिच्याकडं धावली, तिला कळलं होतं काय होणार. तिनं दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं. आये, मरू देत मेंढरं, असं काहीतरी ती म्हणत होती. फुलाबाईनं तिच्या तळहाताला चावा घेतला, जनावर चावतं तसा, आणि हात बाजूला केला.

"तुझी कंपनी सांगणार हाय त्यास्नी, माघारी फिरा म्हणून?"

आणि तिनं हाळी घातली. घशातून, मधली चढण घेऊन, तो लांब उतार पार टोकापर्यंत. कर्ण्यापेक्षा मोठी. रस्त्यावर चढलेली मेंढरं घोटाळली, तिथंच गोल फिरली. दोन्हीकडून तीच बाई बोलावत होती. फुलाबाईनं पुन्हा हाळी घातली. तिचा एक गुडघा वाकला. ती करंजाला धरून उभी राहिली आणि पुन्हा घातली, आता आवाज तेवढा राहिला नव्हता, पण शेवटचा उतार तसाच. मेंढरं वळली. रस्ता सोडून उतार चढायला लागली. पहिला ट्रक रबराचा धूर काढत गेला तेव्हा रस्त्यावर एक लंगडं कोकरू तेवढं उरलं होतं, आणि तेही वाचलं.

मेंढरं येऊन फुलाबाईभोवती बसली. तिच्या हाळीचा अर्थ तोच होता, बसा. ती आधीच बसली होती, मुलीच्या मांडीला टेकून. तिचे ओठ पांढरे पडले होते. वैजयंता आईचे पाय वर उचलत होती, छाती चोळत होती, डॉक्टरांना फोन लावत होती. फुलाबाईनं मेंढरांवरून नजर फिरवली, मोजल्यासारखी. तेवढ्यात पलीकडून प्रचारगाडीला उतारावर बसलेली गर्दी दिसली. नवी, शांत, ऐकायला बसलेली गर्दी.

गाडीनं नाव सांगितलं. एकदाच, नियमाप्रमाणं.

डॉक्टर नदाफ येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

*

दाखल्यावर लिहिलं गेलं, वृद्धापकाळ आणि रक्तदाब कमी होणे. डॉक्टरांनी त्याखाली आपलं मत जोडलं, ते वरच्या कचेरीत काढून टाकण्यात आलं. केंकरेंचा फोन आला. ते खरोखर रडत होते. रडून झाल्यावर म्हणाले की कंपनीला आईंचा सन्मान करायचाय, स्वरदात्री म्हणून. फक्त एक विनंती आहे. माळावर वापरली जाणारी ती हाळी आता कंपनीच्या नावावर नोंदलेला ध्वनी आहे, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी लोकांच्याच सुरक्षेसाठी ती बंद करावी.

वैजयंतानं माती झाली त्याच दिवशी, जमलेल्या सगळ्यांसमोर, नाव कुठून आलं ते सांगून टाकलं. वर्तमानपत्रांना सांगितलं. कंपनीनं उत्तरादाखल दोन संस्कृत पंडित उभे केले. विक्री वाढली. आणि केंकरे म्हणाले होते तेही व्हायला लागलं. डॉक्टर नदाफांनी सांगितलं की बाजारात भांडण लागलं की आता लोक एकमेकांना ते नाव घेण्याची धमकी देतात, आणि एका गावात कुणीतरी दिलेली धमकी नुसती धमकी राहिली नाही.

हे सगळं पुढं झालं. त्याआधी, सावडायच्या दिवशी मावळतीला मेंढरं जाळीच्या कुंपणात उभी होती. फुलाबाई गेल्यापासून ती बसली नव्हती. उभ्यानं पेंगायची आणि दचकून जागी व्हायची, एकमेकांना रेटायची. जाळीच्या दोन मेखा उपटल्या गेल्या होत्या. आज ती जाळी पाडून निघणार आणि खाली रस्ता होता. वैजयंतानं घसा बसेपर्यंत हाळी घातली. ती म्हातारी मेंढीसुद्धा आली नाही.

मग ती घरात गेली आणि आईच्या उशाखालचं पाकीट घेऊन आली. तात्या ओट्यावर बसला होता, कानात लोकरीचे बोळे. तिनं त्याच्याकडं बघून खूण केली, बोळे घट्ट कर. त्यानं ते दोन्ही हातांनी दाबले. तिनं पाकीट मेंढरांपुढं धरलं आणि अंगठ्यानं गोळी दाबली.

रूवेलो, आई म्हणाली.

कळप थरथरला. पुढची मेंढरं गुडघे टेकून बसली, मग मधली. मागची अजून उभी होती, कान टवकारून, पुन्हा एकदा बोलव म्हणत असल्यासारखी. गोळी तिच्या पायाशी धुळीत पडली होती.

तिनं ओट्याकडं वळून बघितलं. तात्याचे हात कानांवरून घसरले होते. मान छातीवर आली होती. सगळं ठाऊक असूनही. शरीराला व्युत्पत्ती कळत नाही.

"वैनी आली व्हय?" तो म्हणाला, डोळे मिटूनच.

मागची मेंढरं जाळीला रेटायला लागली. एक मेख निघाली. वैजयंतानं पाकीट पुन्हा वर धरलं, अंगठा पुढच्या गोळीवर ठेवला, आणि सगळा कळप तिच्या हाताकडं बघत राहिला.